साठ पत्त्यांचा संसार

पत्ते म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बावन्न पत्ते येतात. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. एक्का, राजा, राणी, गुलाम. मे महिन्याची सुटी, दुपारची वेळ, खाली सतरंजी आणि मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात नाहीतर झब्बू. घरात पत्त्यांचा कॅट एकच असायचा आणि तो सगळ्यांचा मिळून असायचा. कोपरे दुमडलेले, एखादा पत्ता हरवलेला, आणि त्याच्या जागी जोकरवर पेनाने लिहिलेलं 'चौकट सत्ती'.

आज मी ज्या पत्त्यांविषयी बोलणार आहे ते जरा निराळे आहेत. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही उपनगरातल्या सोसायटीत सुटीच्या दिवशी जिन्यावर बसलेली मुलं पाहा. त्यांच्या हातातल्या पत्त्यांवर चित्रविचित्र प्राणी असतात, आकडे असतात, बारीक अक्षरांत मजकूर असतो. आजी-आजोबांना वाटतं, ही नुसती चित्रं गोळा करतात. काही मुलं तेवढंच करतातही. पण मुळात तो खेळ आहे, आणि चांगला डोकं लावायचा खेळ आहे. त्याची एक गंमत आपल्या पत्त्यांत नाही. ती म्हणजे, इथे प्रत्येक खेळाडू आपला कॅट आपण जमवून, निवडून, घरून घेऊन येतो.

यातली अडचण लगेच लक्षात येईल. समजा, मेंढीकोट खेळायला प्रत्येक जण आपापले तेरा पत्ते घरूनच निवडून घेऊन आला, तर काय होईल? चौघेही एक्के, राजे आणि दश्श्याच घेऊन येतील. दुर्री, तिर्री कोणी आणणार नाही. खेळ सुरू होण्याआधीच संपेल. मग असा खेळ चालतो कसा? तो चालतो मर्यादांवर. किती पत्ते घ्यायचे आणि एकाच नावाचे किती घ्यायचे याला बंधन असतं.

हा प्रकार सुरू केला रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने. 'मॅजिक : द गॅदरिंग' हा त्याचा खेळ १९९३ साली अमेरिकेत बाजारात आला. गारफिल्डची अटकळ अशी होती की, माणूस एखाद्या बैठ्या खेळावर जेवढे पैसे घालतो तेवढेच यावर घालेल. मग फार ताकदवान पत्ता मित्रांच्या एका कंपूत एखाद्याकडेच असेल, आणि त्यामुळे कोणाचं बिघडणार नाही. झालं उलटंच. पहिली छपाई हातोहात संपली, हौशी मंडळींनी खोकीच्या खोकी घेतली. सुरुवातीच्या नियमांत चाळीस पत्ते पुरे होते आणि एकाच पत्त्याच्या कितीही प्रती चालत. साहजिकच लोकांनी एकच जबरदस्त पत्ता वीस-वीस वेळा घालायला सुरुवात केली. तेव्हा १९९४ मध्ये स्पर्धांसाठी नियम आला : किमान ६० पत्ते, आणि एका नावाचे जास्तीत जास्त चार. पुढे १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९९ मध्ये अमेरिकेत पोकेमॉनचे पत्ते आले, त्यांनीही साठ आणि चार हेच आकडे ठेवले. फरक इतकाच की, पोकेमॉनमध्ये बरोबर साठच लागतात, एकसष्टावा चालत नाही. आपल्याकडची मुलं बहुतेक याच पोकेमॉनच्या वाटेने या खेळात शिरतात.

पण साठ आणि चार या मर्यादा स्पर्धेसाठी पुरतात. सोसायटीच्या जिन्यावर त्या पुरत नाहीत. हे मी आमच्याच सोसायटीत पाहिलं.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. तीन विंग आहेत, मध्ये थोडी मोकळी जागा आहे आणि ती आता गाड्यांनी भरलेली आहे. मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे मुलं मला 'टीचर आजी' म्हणतात आणि कुठलंही भांडण माझ्याकडे घेऊन येतात. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये नऊ-दहा मुलं रोज दुपारी हे पत्ते खेळायला जमत. कोणाकडे मामाने आणलेले खरे पत्ते होते, कोणाकडे शाळेजवळच्या दुकानात मिळणारे सोनेरी प्लास्टिकचे नकली होते, कोणाकडे दोन्हींची खिचडी होती. सगळे जवळजवळ सारखेच कच्चे होते, म्हणून डाव रंगत होते.

मग बी विंगमधल्या एका मुलाला वाढदिवसाला नवा कॅट मिळाला. कुठल्याशा मोठ्या स्पर्धेत जिंकलेल्या कॅटची यादी इंटरनेटवर असते. ती बघून वडिलांनी एकेक पत्ता मागवला होता. मुलगा गुणी. त्याने कोणाला चिडवलं नाही, लबाडी केली नाही, एकही नियम मोडला नाही. फक्त तो प्रत्येक डाव चार-पाच खेळ्यांत जिंकायला लागला. आठवड्याभरात नवाची तीन मुलं झाली. मग तीनाचा एक झाला. एका दुपारी मी हॉलवरून जात होते तर हा मुलगा एकटाच बसला होता आणि दोन्ही बाजूंचे पत्ते स्वतःच खेळत होता.

मोठ्या माणसांच्या दृष्टीने ही काही फार मोठी गोष्ट नाही. पण आमच्या उपनगरांतल्या मुलांना खेळायला मैदान उरलेलं नाही, प्रत्येकाच्या क्लासच्या वेळा निराळ्या, आणि सगळ्यांच्या घरात पडदे आहेत. जी मुलं त्या आठवड्यात खाली यायची थांबली ती पुन्हा आपोआप खाली येतील याची काही खात्री नव्हती.

तोडगा काढला सातवीतल्या एका मुलीने. ती म्हणाली, "टीचर आजी, आपण विषय ठरवून कॅट बनवू या का? पत्ता भारी आहे का ते बघायचंच नाही. विषयात बसतो का एवढंच बघायचं." असं खेळणं तिच्या डोक्यातून आलं तरी नवीन नव्हतं. पोकेमॉनचे पत्ते १९९९ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा सुट्या पाकिटांबरोबर तयार 'थीम डेक'ही आले होते. एकात आग आणि झाडी, दुसऱ्यात वीज आणि मनोबल, असे दोन-दोन गट एकत्र बांधलेले. नवख्या माणसाने पेटी उघडावी आणि खेळायला लागावं, म्हणून. आमच्या मुलांना मात्र पेटी विकत घ्यायची नव्हती, विषय स्वतःचा हवा होता.

मुलांनीच नियम केले आणि हॉलच्या दाराला कागद चिकटवला. पत्ते साठ, एका नावाचे चार. विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे आणि समोरच्याला पटला पाहिजे. नवीन पत्ते विकत आणायचे नाहीत, सोसायटीत अदलाबदल चालेल. नसलेला पत्ता कागदावर लिहून चालेल. आणि शेवटचा नियम सर्वांत शहाणपणाचा : दहा डावांत सातांपेक्षा जास्त जिंकलात तर तुमच्या कॅटमधले दोन दणकट पत्ते काढून त्याजागी दोन साधे घाला. लिंबूटिंबूला सांभाळून घ्यायची आपली जुनी रीत होती, इथे भीमालाच थोडं वाकायला लावलं.

विषय कोणते निघाले ते ऐका. त्या सातवीतल्या मुलीने घेतला 'मुंबईचा पाऊस'. पोलिवॅग नावाचं बेडकाचं पिल्लू, त्याचा पुढे होणारा पोलिव्हर्ल आणि त्याचाही पुढे होणारा पोलिटोड हा बेडूक. जोडीला कासव, मासे, बदक आणि विजेसाठी पिकाचू. पाचवीतल्या मुलाने घेतलं 'बोरिवलीचं जंगल'. म्हणजे आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्त पसरलेलं, ज्याची एक कड आमच्या मुलुंडलाही लागते. त्याच्या कॅटमध्ये कान्हेरीच्या गुंफांतली वटवाघळं म्हणून झुबॅट, साप म्हणून एकान्स, फुलपाखरू म्हणून बटरफ्री, माकड म्हणून मँकी. आणि बिबट्या मिळाला नाही म्हणून पर्शियन ही ऐटदार मांजर, तिच्यावर सर्वानुमते बिबट्याचं पद बहाल केलं.

आता कॅट बांधायचा कसा, ते थोडं सविस्तर सांगते. घरी नातवंडांबरोबर कोणाला करून पाहायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं काम गोळा करण्याचं. विषयात बसणारा प्रत्येक पत्ता बाजूला काढायचा. जंगलवाल्या मुलाचे त्र्याऐंशी निघाले. दुसरं काम, आणि खरं काम, तेवीस पत्ते काढून टाकण्याचं. इथे मुलांच्या डोळ्यांत पाणी येतं. साठ पत्ते हा एक लहानसा संसारच असतो. दोन खोल्यांच्या घरात काय ठेवायचं आणि काय माळ्यावर टाकायचं, तसं.

साठाचे सुरुवातीला वीस-वीसचे तीन ढीग करावेत. एक ढीग प्राण्यांचा, म्हणजे जे लढतात त्यांचा. दुसरा मदतीच्या पत्त्यांचा : नवे पत्ते उचलायला लावणारे, जखमी प्राण्याला बरं करणारे. तिसरा ऊर्जेचा. प्राण्याला हल्ला करायला ऊर्जा लागते आणि तो पत्ता आपल्या खेळीत एकदाच लावता येतो. ऊर्जेचे रंग असतात : पाण्याची वेगळी, गवताची वेगळी, विजेची वेगळी, लढवय्यांची वेगळी. चार रंगांचे प्राणी घेतले तर हातात गवताचा प्राणी आणि पाण्याची ऊर्जा, अशी नवरा कोकणात, बायको नागपुरात गत होते. म्हणून दोनपेक्षा जास्त रंग घेऊ नयेत. त्या पहिल्या थीम डेकमध्येही दोनच असत.

जंगलवाल्याची खरी परीक्षा इथे झाली. फुलपाखरू गवताचं, माकड लढवय्या गटातलं, वटवाघूळ आणि साप आणखी निराळ्या गटातले. बिबट्या-मांजर मात्र रंगहीन गटातली, तिला कुठलीही ऊर्जा चालते, म्हणून तिची जागा पक्की. राहिलेल्यांपैकी दोनच रंग ठेवायचे होते. मोठी मुलं म्हणाली, माकड काढ, ते कमजोर आहे. हा म्हणाला, "जंगलात माकड नाही तर पर्यटक केळी कोणाला दाखवणार?" शेवटी त्याने वटवाघूळ आणि साप दोन्ही काढले. तो पत्त्यांच्या ताकदीने कमी आणि पाहिलेल्या जंगलाने जास्त निर्णय घेत होता. विषय घेऊन कॅट बांधण्याचा हाच फायदा आहे. यादी बघून बांधलेल्या कॅटमध्ये 'हा पत्ता का?' या प्रश्नाला एकच उत्तर असतं, की जिंकणाऱ्याने तोच घेतला होता. इथे प्रत्येक पत्त्याला मुलाचं स्वतःचं उत्तर असतं.

पण नुसत्या हौसेने कॅट चालत नाही, आणि इथे माझ्यातली गणिताची बाई जागी होते. पोकेमॉनच्या डावात सुरुवातीला सात पत्ते हातात घेतात. त्यांत निदान एक 'मूळ' प्राणी लागतो, म्हणजे जो थेट मांडता येतो असा. बेडकाचं पिल्लू मूळ; बेडूक नव्हे, कारण तो पिल्लापासून वाढवावा लागतो. मूळ प्राणी आला नाही तर सगळे पत्ते पुन्हा पिसून घ्यावे लागतात आणि समोरच्याला जादा पत्ता उचलायची मुभा मिळते. मग मूळ प्राणी किती ठेवावेत?

मी मुलांना साठ चिंचोके दिले. चार रंगवायला सांगितले, पिशवीत घातले, आणि न बघता सात काढायला सांगितले. पन्नास वेळा. मुलं चकित झाली. रंगवलेला चिंचोका न येण्याचेच प्रसंग जास्त! हिशेब असा आहे : साठांत चारच मूळ प्राणी असतील तर शंभरांत साठ वेळा हात रिकामा येतो. आठ असतील तर सुमारे पस्तीस वेळा. बारा असतील तर एकोणीस वेळा, आणि सोळा ठेवले तर दहा वेळा. तेव्हा बारा ते सोळा हा सुखाचा आकडा. हाच हिशेब उलटा वाचला तर आणखी एक गोष्ट कळते. लाडक्या पत्त्याची एकच प्रत ठेवली तर तो पहिल्या हातात जेमतेम शंभरांत बारा वेळा येतो. चारही प्रती ठेवल्या तर चाळीस वेळा. म्हणून ज्याच्यावर विषय उभा आहे त्याच्या चार प्रती ठेवायच्या. आणि वाढणाऱ्या प्राण्यांची उतरंड ठेवायची : पिल्लं चार, मधले तीन, मोठे दोन. सगळे मोठे बेडूकच घेतले तर त्यांना वाढवायला पिल्लं उरत नाहीत.

पावसाच्या कॅटमध्ये ऊर्जेचे पत्ते पाण्याचे जास्त आणि विजेचे चारच ठेवले होते. त्यामुळे पिकाचू हातात येऊनही बराच वेळ नुसता बसून राही. मी म्हटलं, "अगं, विजेचे अजून दोन वाढव." ती म्हणाली, "नको. आपल्याकडे ऐन जुलैत वीज कुठे कडाडते? ती सुरुवातीला नाहीतर पाऊस जाताना." निरीक्षण अगदी बरोबर होतं. ते दोन पत्ते तिने वाढवले नाहीत आणि त्यापायी दोन-तीन डाव हरली. ते तिला मंजूर होतं.

आता त्या बी विंगमधल्या मुलाचं काय झालं? त्याची खरी पंचाईत झाली. त्याचे सगळे दणकट पत्ते एका विषयात बसेनात. दोन दिवस तो रुसून होता. तिसऱ्या दिवशी विषय घेऊन आला : 'दुपारची झोप'. स्नॉरलॅक्स नावाचा ढोल्या, जो कायम घोरत असतो. जिगलीपफ, जिचं गाणं ऐकून ऐकणारे झोपतात. ड्राऊझी, जो स्वप्नं खातो. या खेळात 'झोपलेला' अशी एक अवस्थाच असते. झोपलेला प्राणी हल्ला करू शकत नाही, आणि प्रत्येक खेळीनंतर नाणं उडवून तो जागा होतो का ते बघायचं. रुपयाचं नाणं उडालं की सगळा हॉल श्वास रोखून बघत असे. हा मुलगा आधी चार खेळ्यांत जिंकायचा, आता त्याचे डाव अर्धा-अर्धा तास चालू लागले आणि भोवती बघ्यांची गर्दी. तो निम्मे डाव हरत होता. एकटा मात्र बसत नव्हता.

सगळ्यांत अवघड प्रश्न उभा राहिला तो लिहिलेल्या पत्त्यांचा. आमच्या वॉचमनचा मुलगा सहावीत होता. तो रोज दाराशी उभा राहून खेळ बघायचा. त्याच्याकडे एकही पत्ता नव्हता, खरा नाही की नकली नाही. नियमाप्रमाणे नसलेला पत्ता कागदावर लिहून चालत होता, पण साठच्या साठ? दोघा-तिघांनी कुरकुर केली. कागद मऊ पडतो, पाठीमागून ओळखता येतो, अशी कारणं निघाली. कारणं खोटी नव्हती. पत्त्यांच्या खेळात सगळ्यांच्या पाठी सारख्या असल्याच पाहिजेत, नाहीतर खुणेचे पत्ते होतात. स्पर्धेत तर असे हातचे पत्ते मुळीच चालत नाहीत. मी पंच होते खरी, पण निकाल दिला नाही. दाराला चिकटवलेला कागद तेवढा पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला सांगितला.

मग मुलांनीच युक्ती काढली. प्रत्येकाच्या घरी जुन्या लग्नपत्रिका पडून असतात. त्या जाड असतात. त्यांचे पत्त्यांच्या मापाचे तुकडे कापले. पाठ दिसू नये म्हणून अपारदर्शक पाठीची प्लास्टिकची वेष्टणं वापरली, ती बी विंगवाल्याकडे जादा होती. त्याने साठ मोजून दिली.

वॉचमनच्या मुलाने विषय घेतला 'रात्रपाळी'. हूटहूट हे घुबड, त्याचं मोठं झालेलं रूप नॉक्टाउल, रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी ग्राउलिथ, आणि जंगलवाल्याने काढून टाकलेलं वटवाघूळ. मोठ्या मुलांच्या पत्त्यांवरून त्याने मजकूर जसाच्या तसा बॉलपेनने उतरवून घेतला. ताकदीचे आकडे बरोबर, अक्षर बारीक, चित्रं मात्र त्याची स्वतःची. घुबडाच्या गळ्यात त्याने शिट्टी घातली होती आणि कुत्रा गेटाशी बसवला होता. एका पत्त्यामागे उजेडात धरलं की 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अजून वाचता येत होतं.

त्याच्या अकरा डावांची नोंद माझ्या वहीत आहे. तो तीन जिंकला, आठ हरला. पण शिट्टीवालं घुबड सगळ्यांना हवं होतं. बी विंगवाल्याने त्याच्या बदल्यात आपला एक खरा, चमचमता, महागडा पत्ता पुढे केला. अदलाबदल हा तर या खेळाचा पायाच. वॉचमनच्या मुलाने तो पत्ता हातात घेऊन नीट पाहिला आणि परत केला. म्हणाला, "हा रात्रपाळीत बसत नाही. आणि घुबड दिलं तर माझे साठाचे एकोणसाठ होतील." मग एका मुंजीच्या पत्रिकेवर त्याने दुसरं घुबड काढून दिलं. बदल्यात काही घेतलं नाही. ते घुबड आजही 'दुपारच्या झोपे'त आहे. विषयात बसतं का, असं मी विचारलं तर उत्तर मिळालं, "घुबड दुपारीच झोपतं, टीचर आजी."

श्रोतेहो, हे सगळं मुलांचं नवं खूळ आहे असं समजू नका. विषय घेऊन बांधलेले पत्ते आपल्याकडे फार जुने आहेत. सावंतवाडीची गंजिफा कित्येकांनी पाहिली असेल. गोल, लाखेचे, हाताने रंगवलेले पत्ते. त्यांतल्या दशावतारी गंजिफेचे पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पत्ते : राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवं. यात विषय फक्त चित्रांपुरता राहत नाही, तो नियमांतही शिरतो. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने पहिली उतारी करायची. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा असणाऱ्याने. घड्याळाकडे बघून डाव बदलणारा असा खेळ मला तरी दुसरा माहीत नाही. ही कला संपत आली होती तेव्हा, १९७० च्या दशकात, सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. मी मुलांना हे सांगितलं तेव्हा रात्रपाळीवाल्याने लगेच विचारलं, "मग आपणही संध्याकाळी सातनंतर घुबडाने सुरुवात करायची का?" तो नियम एकमताने मंजूर झाला.

आणि तिकडे दूर देशातही लोक अशाच वाटेने गेलेले दिसतात. 'मॅजिक'च्या खेळाडूंनी अलास्कात एक हौशी प्रकार काढला. शंभर पत्ते, आणि मूळ जमिनीचे पत्ते सोडले तर कुठल्याही पत्त्याची एकच प्रत. एक नायक निवडायचा आणि बाकीचे पत्ते त्याला शोभतील असे घ्यायचे. स्पर्धांचे पंच दिवसभराचं काम संपलं की रात्री हा प्रकार खेळत, त्यातून तो पसरला. २०११ पासून कंपनी स्वतः त्याचे तयार कॅट काढायला लागली, आणि 'कमांडर' या नावाने तो आज जगभर खेळला जातो. त्यात एक अलिखितासारखा पहिला संकेत असतो : डाव मांडण्याआधी एकमेकांशी बोला. तुमचा कॅट किती जोरदार आहे, आज कसा खेळ हवा आहे, ते ठरवून घ्या. आमच्या वेळी मेंढीकोटला बसण्याआधी हुकूम कसा ठरणार यावर घोळ घालत होतो, तो हाच.

याच 'मॅजिक'ने २०१६ मध्ये भारतावरून सुचलेला एक पत्त्यांचा संच काढला होता. कलाकुसरीची यंत्रं, पितळी नक्षी, भरजरी वस्त्रं. त्या काल्पनिक देशाचं नाव होतं कलादेश. इंग्रजी अक्षरांत कला आणि काला सारखेच दिसतात, त्यामुळे आपल्या कानांना ते जरा खटकायचंच. २०२५ च्या नव्या संचात त्या देशाचं नाव 'आविष्कार' झालं. हे ऐकून आमच्या पाऊसवाल्या मुलीने शेरा मारला, "त्यांनी आपल्यावर कॅट केला, पण लोकल ट्रेन घातली नाही." मी म्हटलं, "मग तू घाल."

पालकांना दोन गोष्टी सांगते आणि थांबते. मुलाने पत्त्यांसाठी पैसे मागितले तर एकदम नाही म्हणू नका, एकदम हो पण म्हणू नका. त्याला विचारा, तुझ्या कॅटचा विषय काय? एका वाक्यात सांग. सांगता आला तर पाकीट उघडण्याआधी घरात आहेत तेवढ्याच पत्त्यांत तो बांधता येतो का ते बघायला लावा. पाकिटात काय निघेल ते नशिबावर असतं, आणि नशिबाची चटक लहान वयात लवकर लागते. निवड करायची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते.

आणि दुसरी. मूल किती जिंकलं हे विचारण्याआधी, उद्या समोर खेळायला कोण येणार आहे, हे विचारा. त्याचं उत्तर 'कोणी नाही' असं येऊ लागलं तर कॅटमधले चार पत्ते बदलायची वेळ आली आहे असं समजा. कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा, कात्री घ्या, आणि मुलाच्या शेजारी बसून एक ते साठ मोजायला सुरुवात करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)